संसदेतला प्रश्न आणि आपल्या घरातला तरुण

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात दोन गोष्टींची चर्चा हमखास ऐकू येते. पहिली आखाताची. मामू कुवेतला आहेत, चाचांचे साहेब ओळखीचे आहेत, एजंट म्हणतो महिन्याभरात व्हिसा येईल. दुसरी चर्चा जरा दबक्या आवाजात होते. कॉलेजात एनएसएसला नाव घालू का, असे मुलगी विचारते आणि घरचे म्हणतात, "त्यातून मिळणार काय? परीक्षेचा अभ्यास कर."

वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्ही वाटा दिल्लीत आखल्या जातात. तरुणांच्या स्वयंसेवेचे धोरण युवक कल्याण व क्रीडा मंत्रालय ठरवते आणि परदेशी जाणाऱ्या कामगाराचे धोरण परराष्ट्र मंत्रालय. या दोन्ही मंत्रालयांना जाब विचारणारी एक जागा आहे, ती म्हणजे संसद. ही विचारणा होते कशी, तिची ताकद किती आणि आपल्यासारख्या कुटुंबांना तिचा उपयोग काय, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

प्रश्न विचारल्याने काय होते?

लोकसभेच्या कामकाजाचा पहिला तास प्रश्नांचा असतो. प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत ही संख्या १५ आणि १६० आहे. खासदाराला साधारण पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे उत्तर तयार करायला मंत्रालयाला पुरेसा वेळ मिळतो.

लेखी उत्तर म्हणजे निव्वळ कागद, असे अनेकांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. परदेशातील तुरुंगांत किती भारतीय आहेत, हे आपल्याला एरवी कोण सांगणार? २०२५ साली संसदेपुढे आलेल्या माहितीतून तो आकडा कळला : १०,१५२. त्यांपैकी सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात या दोनच देशांत प्रत्येकी अडीच हजारांहून अधिक. यात शिक्षा झालेले आहेत तसे खटला चालू असलेलेही आहेत. ज्या घरातला मुलगा त्यांत आहे, त्या घराला आपण एकटे नाही एवढे तरी यातून समजते, आणि सरकारला 'आम्हांला कल्पना नव्हती' असे म्हणता येत नाही.

प्रश्न विचारण्याची सोय बंद झाली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. कोरोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला. लेखी उत्तरे मिळत राहिली, पण मंत्र्यांना समोरासमोर उपप्रश्न विचारता आले नाहीत. परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठी त्याच वर्षी ७ मेपासून 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली होती आणि आखातातली हजारो माणसे विमानाची वाट पाहत होती. तोंडी प्रश्नांची गरज तेव्हा सर्वांत जास्त होती.

दाराआडच्या समित्या

सभागृहातला गोंधळ टीव्हीवर दिसतो. संसदेचे बारीक काम मात्र स्थायी समित्यांत चालते आणि ते दिसत नाही. १९९३ साली अशा १७ समित्या सुरू झाल्या. २००४ साली त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येक समितीत ३१ खासदार असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला या समितीचे सदस्य होता येत नाही, कारण ज्याचा हिशेब तपासायचा त्यालाच तपासनीस कसे करणार?

आपल्या विषयाशी दोन समित्यांचा संबंध आहे. शिक्षण, महिला, बालक, युवक आणि क्रीडा या विषयांची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत येते. परराष्ट्र व्यवहार समिती लोकसभेच्या अखत्यारीत. सप्टेंबर २०२४ पासून शशी थरूर तिचे अध्यक्ष आहेत. दरवर्षी अर्थसंकल्प मांडला गेला की या समित्या आपापल्या मंत्रालयाच्या सचिवांना बोलावतात. मागच्या वर्षी दिलेला पैसा का उरला, कोणती योजना कागदावरच राहिली, नवी मागणी कशासाठी, असे विचारतात आणि अहवाल देतात.

या अहवालावर तीन महिन्यांत कार्यवाहीचे उत्तर देणे सरकारला भाग असते. मग समिती दुसरा अहवाल काढते. त्यात शिफारशींची चार गटांत विभागणी असते : सरकारने मान्य केलेल्या, सरकारच्या उत्तरामुळे समितीने पुढे न रेटलेल्या, ज्यांवरचे उत्तर समितीला पटले नाही अशा आणि ज्यांचे अंतिम उत्तर यायचे आहे अशा. आमची वाचकांना सूचना आहे, अहवाल हाती आला तर तिसरा गट आधी वाचा. सरकार आणि संसद यांचे कुठे जुळत नाही, ते तिथे लख्ख दिसते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. बैठका बंद दाराआड होतात. समितीची मुदत एकाच वर्षाची असते. शिवाय विधेयके समितीकडे पाठवण्याचा रिवाज मागे पडत चालला आहे. पीआरएस या अभ्यास संस्थेच्या नोंदीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत फक्त १६ टक्के. जो कायदा समितीत चाळला जात नाही, त्यातले खडे पुढे लोकांच्याच दाताखाली येतात.

खिदमतीचे धोरण

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. ते महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. सुरुवात ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांनी झाली. आज हा आकडा लाखांच्या घरात आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करायचे, असा नियम आहे. कॉलेजबाहेरच्या तरुणांसाठी १९७२ साली नेहरू युवा केंद्रे सुरू झाली. राष्ट्रीय युवा स्वयंसेवक म्हणून १८ ते २९ वयोगटातील दहावी पास तरुणांना महिना पाच हजार रुपये मानधनावर जास्तीत जास्त दोन वर्षे घेतले जात असे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी 'मेरा युवा भारत' हे नवे व्यासपीठ सुरू झाले आणि त्यावर एक कोटीहून अधिक तरुणांची नोंदणी झाली.

संसदेतली विचारणा इथेच महत्त्वाची ठरते. नोंदणी मोबाइलवर दोन मिनिटांत होते. पण नोंदणी म्हणजे सेवा नव्हे. एक कोटीपैकी किती तरुणांना प्रत्यक्ष काम मिळाले? किती मुली होत्या? खेड्यातले किती? एनएसएसमध्ये अनेक वर्षे एका स्वयंसेवकामागे नियमित कामासाठी वर्षाला २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५० रुपये असा दर होता. सात दिवसांचे जेवण, प्रवास आणि साहित्य ४५० रुपयांत कसे बसवायचे, हे शिबिर घेणाऱ्या प्राध्यापकालाच ठाऊक. असे प्रश्न समितीत नीट विचारले गेले, तर घोषणा आणि मैदान यांतले अंतर कमी होते.

खिदमत आपल्याला नवी नाही. पूर आला की मशिदीच्या आवारात चूल पेटते, कोणाकडे मय्यत झाली तर पोरे सांगण्याआधी धावतात. आपल्या मुलांचे हे काम कोणत्याही नोंदीत येत नाही, ही अडचण आहे. एनएसएसचे प्रमाणपत्र, शिबिरातली ओळख, वेगवेगळ्या समाजांच्या मुलांबरोबर सात दिवस एका छताखाली राहण्याचा अनुभव, या गोष्टी पुढे नोकरीच्या मुलाखतीत आणि त्याहून जास्त आयुष्यात उपयोगी पडतात. म्हणून 'त्यातून मिळणार काय' या प्रश्नाचे उत्तर घरच्यांनी एकदा शांतपणे शोधावे.

समुद्रापलीकडची जबाबदारी

खेड, दापोली, चिपळूण, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतल्या आपल्या कुटुंबांना परराष्ट्र धोरण हा वर्तमानपत्रातला विषय वाटत नाही. त्यांची चूल त्यावर पेटते. पूर्वी जहाजावर, आफ्रिकेत आणि नंतर आखातात गेलेल्या पिढ्यांच्या पैशांवर इथली घरे, शाळा, दवाखाने उभे राहिले.

आणि या सगळ्यासाठी देश खर्च किती करतो? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाला २०,५१६ कोटी रुपये मिळाले. एकूण अर्थसंकल्पाच्या शंभर रुपयांत सुमारे चाळीस पैसे. दूतावास, परदेशांना मदत, पासपोर्ट सगळे त्यातच आले. २०२३ साली परराष्ट्र समितीने आपल्या अहवालात मनुष्यबळाच्या तुटवड्यावर बोट ठेवले. मंत्रालयाचे एकूण संख्याबळ ४,८८८ आणि त्यात भारतीय परराष्ट्र सेवेतले अवघे १,०११. दूतावासात फोन का उचलला जात नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिचे मूळ काही अंशी या आकड्यांत आहे.

कायद्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. परदेशी जाणाऱ्या कामगारासाठी आजही १९८३ चा उत्प्रवास कायदा लागू आहे. त्यानुसार दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते. १९८३ साली मोबाइल नव्हता, व्हॉट्सॲपवरचा एजंट नव्हता, 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे कामाचा व्हिसा करून देतो' असे सांगणाऱ्यांचा सुळसुळाट नव्हता. नवा कायदा करण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. एप्रिल २०२५ मध्ये परराष्ट्र समितीने परदेशस्थ भारतीय आणि स्थलांतरित कामगार यांच्या स्थितीवर जो अहवाल दिला, त्यात रखडलेल्या या कायद्याचाही विचार केला. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला गेला.

हा उशीर केवळ कागदाचा नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. चांगल्या पगाराची नोकरी म्हणून रशियाला गेलेले शंभरहून अधिक तरुण तिथल्या सैन्यात भरती झाल्याचे सरकारनेच मान्य केले आणि त्यांपैकी काही जण मारले गेले. कंप्युटरचे काम म्हणून म्यानमार आणि कंबोडियात नेलेल्या मुलांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले गेले. यांतली कितीतरी मुले शिकलेली होती, म्हणजे ईसीआरची चाळणी त्यांना लागूच नव्हती. जुना कायदा कुठे अपुरा पडतो, ते यावरून कळावे.

दोन धोरणांचा सांधा

आम्हांला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी सरकारने बऱ्याच सोयी केल्या आहेत. ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी आहे. एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचे संरक्षण मिळते. तक्रारीसाठी २०१५ पासून 'मदद' पोर्टल आहे. निघण्यापूर्वी एका दिवसाचे प्रशिक्षणही आहे. पण ज्या बापाने जमीन गहाण टाकून एजंटाला दीड लाख मोजले, त्याला हे सांगायला कोणी गेले नव्हते.

हे सांगण्याचे काम एनएसएसची मुले करू शकतात. कोकणातल्या कॉलेजांनी आपल्या १२० तासांतले काही तास या कामाला दिले, जमातीच्या सभेत, एसटी स्टँडवर, बचत गटांच्या बैठकीत एजंटाचा परवाना कसा तपासायचा हे दाखवले, तर त्याहून मोठी खिदमत कोणती? एक खाते तरुणांच्या हाताला काम शोधत आहे आणि दुसऱ्या खात्याची माहिती घरापर्यंत पोहोचत नाही. या दोघांना एका टेबलाशी बसवा, अशी मागणी दोन्ही समित्यांपुढे जायला हवी.

ती पोहोचवायची कशी?

विधेयक किंवा विषय समितीकडे आला की लोकांकडून निवेदने मागवणारी सूचना वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर येते. जमातीने, महिला मंडळाने किंवा कॉलेजच्या प्राध्यापकांनी दोन पानांचे निवेदन पाठवावे. त्यात तक्रारीचा पाढा नको. काय घडले, कोणत्या नियमामुळे घडले, कोणता बदल हवा, एवढेच लिहावे.

आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला अधिवेशनाच्या महिनाभर आधी पत्र द्यावे आणि नेमका प्रश्न लिहून द्यावा. 'आखातातल्या लोकांकडे लक्ष द्या' असे लिहिले तर उत्तरही तसेच गोलमोल येईल. 'गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्रातून किती तक्रारी आल्या, किती एजंटांवर कारवाई झाली', असे विचारले तर आकडा द्यावा लागेल.

लोकसभेच्या याचिका समितीचाही मार्ग आहे. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत लागते. मराठीत असेल तर सोबत सहीनिशी भाषांतर जोडावे लागते आणि खासदारामार्फत मांडायची असेल तर याचिकेवर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते.

हे काम वकिलांचे किंवा पुढाऱ्यांचेच आहे असे समजू नये. घरात बारावीची मुलगी असेल तर तिला संसदेच्या संकेतस्थळावर एक उत्तर शोधायला सांगा आणि रात्री जेवताना सर्वांना वाचून दाखवायला सांगा. पुढच्या वेळी एजंट घरी आला की परवान्याचा नंबर तीच विचारील.