पोंगा सुकला? आधी उपटून बघा

सेलू परिसरात मक्याचा पोंगा बिघडला की संशय थेट लष्करी अळीवर जातो. २०१८पासून तिची धास्तीच तशी आहे. पण रोप आठवडा ते महिनाभराचे असेल, पानांना भोके नसतील, विष्ठाही दिसत नसेल, तर गुन्हेगार बहुधा खोडमाशी. सुकलेला पोंगा चिमटीत धरून ओढा. अलगद निघून आला, बुडाला कुजका वास आला, की ओळख पटली.

ही माशी घरमाशीपेक्षा लहान. ज्वारी तिचे मुख्य खाद्य, मका त्यानंतर. पानाच्या खालच्या बाजूला ती पांढरे, लांबट अंडे एकेक करून घालते. दोन-तीन दिवसांत निघालेली अळी पोंग्यात उतरून वाढीचा कोंबच कापते.

खरा उपाय पेरणीचाच. खरिपात पाऊस झाल्यावर रेंगाळू नका; उशिरा पेरलेल्या ज्वारीवर हल्ला हमखास वाढतो. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान पेरा. ज्वारीच्या बियाण्याला थायामेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली चोळा. मक्याचे प्रमाण लेबलवर पाहा. बियाणे थोडे जास्त टाका, विरळणीत पोंगेमर झालेली, म्हणजे पोंगा सुकलेली रोपे उपटून नष्ट करा.

अळी आत शिरल्यावरची फवारणी म्हणजे बहुतेकदा पैसे वाया. पोंगेमर दहा टक्क्यांवर गेली, तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना विचारूनच औषध घ्या.