एका वासाचे तीन निवाडे

अँड्रोस्टेनोन नावाचे एक द्रव्य वयात आलेल्या नर डुकराच्या वृषणात तयार होते, रक्तावाटे त्याच्या लाळेत उतरते आणि चरबीत साठून राहते. माजावर आलेली मादी त्या लाळेचा वास येताच जागच्या जागी स्थिर उभी राहते, आणि हे ठाऊक असल्यामुळेच पाश्चात्त्य देशांतील वराहपालक कृत्रिम रेतनाच्या वेळी हे द्रव्य फवाऱ्याच्या डब्यातून वापरीत आले आहेत. मनुष्याचा या व्यवहाराशी काही संबंध असावा, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. परंतु याच द्रव्याची कुपी पाचपन्नास माणसांच्या नाकाखाली धरली, तर कोणी शिळ्या घामाचा किंवा मूत्राचा दर्प आला म्हणून तोंड फिरवतो, कोणाला तोच वास गोडसर, व्हॅनिलासारखा भासतो, आणि कित्येकांना कुपीत काही असल्याचीच शंका येत नाही. तिघेही खरेच सांगत असतात.

एकाच वस्तूविषयी प्रामाणिक साक्षीदारांच्या जबान्या इतक्या परस्परविरुद्ध पडाव्यात, याचे कारण संस्कार, सवय, अभिरुची अशा व्यापक शब्दांच्या हवाली करून स्वस्थ बसण्याची रीत फार दिवस चालली. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी प्रयोगशाळेतील उंदरांवर काम करून गंधग्राहक प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचे एक विशाल कुटुंब उजेडात आणले, ज्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून हा प्रश्न खुद्द नाकालाच विचारण्याची सोय झाली. माणसात अशी सुमारे ४०० जनुके कार्यक्षम आहेत. त्याहूनही अधिक जनुके उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाली असून गुणसूत्रांवर नुसती जागा अडवून आहेत. नाकाच्या माथ्याशी असलेल्या अस्तरातील प्रत्येक गंधपेशी साधारणतः यांपैकी एकाच जनुकाचा हुकूम मानते. मात्र एक गंधरेणू अनेक ग्राहकांना जागा करतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. त्यामुळे अमुक वासाची भिस्त अमुक जनुकावर, असे ठामपणे म्हणता येण्याजोगी उदाहरणे थोडीच.

त्या थोड्यांत एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ‘ओआर७डी४’ या जनुकाचा मान मोठा आहे. ड्यूक विद्यापीठातील हिरोआकी मात्सुनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी गंधग्राहक, एकेक करून तीनशेहून अधिक, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर आणले आणि त्या पेशींना अँड्रोस्टेनोन दिले. सर्वांत ठळक प्रतिसाद या जनुकाच्या ग्राहकाने दिला. मग असे दिसून आले, की माणसांत या जनुकाची दोन रूपे विशेष प्रचलित असून त्यांतील तफावत अवघी दोन ठिकाणची आहे: ८८ व्या जागी अर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन आणि १३३ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन. एवढ्या दोन अमिनो आम्लांच्या अदलाबदलीने ग्राहक जवळजवळ बधिर होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील अँड्रियास केलर आणि लेस्ली वॉसहॉल यांनी सुमारे ४०० माणसांना नाना वास हुंगवून त्यांची मते नोंदवली आणि ती त्यांच्या जनुकांशी ताडून पाहिली. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून सजग रूप मिळालेल्यांना हा वास अधिक तीव्र आणि अधिक किळसवाणा वाटत होता. एक जरी प्रत बधिर असली, तरी ती किळस सौम्य होत होती. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले, आणि माझ्या मते त्याचे मोल अँड्रोस्टेनोनपुरते नाही: जिला आपण आवड म्हणतो ती मनापर्यंत पोहोचण्याच्या आधीच, नाकाच्या उंबरठ्यावर, काही अंशी ठरून गेलेली असते, याचा हा लेखी पुरावा आहे.

काही अंशीच, हेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील चार्ल्स वायसॉकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ सालीच दाखवून दिले होते, की ज्यांना हा वास मुळीच येत नाही अशांना तो काही आठवडे रोज नेमाने हुंगवला, तर त्यांच्यातील निम्म्या लोकांना तो येऊ लागतो. जन्मजात सनद नसली तरी अभ्यासाने थोडी वहिवाट मिळवता येते, ही गोष्ट मला अतिशय आशादायक वाटते.

युरोपात मात्र या जनुकाचा प्रश्न थेट ताटात येतो. नर डुकराचे मांस तव्यावर तापले, की चरबीतील अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही द्रव्ये वाफेबरोबर वर येतात, आणि सजग नाकाच्या माणसाला तो घास नकोसा होतो. हा दर्प टाळण्यासाठी तेथील नर पिल्लांचे खच्चीकरण करण्याची चाल जुनी असून ते बहुधा भूल न देताच केले जाई. २०१० साली शेतकरी, मांस-व्यवसाय आणि प्राणिहितवादी संघटनांनी हे शस्त्रकर्म २०१८ पर्यंत स्वेच्छेने बंद करण्याचा करार केला. ती मुदत उलटून गेली, तरी चाल पुरती मोडलेली नाही. खच्ची न केलेल्या जनावराचे मांस गिऱ्हाइकाला चालेल की नाही, याचा कौल चाखणारा कोण आहे यावर अवलंबून असतो, आणि नॉर्वेतील संशोधकांनी २०१२ साली दाखवले, की दोन्ही प्रती सजग असलेली माणसे अँड्रोस्टेनोनयुक्त मांसाला अधिक नापसंती दर्शवतात. अशा चाचण्यांसाठी तज्ज्ञ परीक्षक निवडताना उमेदवाराला अँड्रोस्टेनोनचा वास येतो की नाही, हे आधी तपासून घेतले जाते. ज्याला तो येत नाही, त्याचे मत या एका बाबतीत ग्राह्य धरत नाहीत.