खाडीकाठची पाने

सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणे व बाष्पोत्सर्जन करणे ही पानांची मुख्य कार्ये होत, हे आपण शाळेत शिकतो. परंतु परिस्थितीच्या गरजेनुसार पाने आपले रूप बदलून इतर कामेही करतात. कुंपणावरील फड्या निवडुंगाचे काटे ही रूपांतरित पानेच असून, अन्न तयार करण्याचे काम त्याचे हिरवे, मांसल खोड करते. पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या पानाचे टोक दोरीसारखे वळून शेजारच्या झुडपाचा आधार घेते. कांद्याच्या मांसल पाकळ्या म्हणजे अन्न साठविणारे पानांचे बुंधे होत.

याहून उद्बोधक उदाहरण पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर, मुरबे-सातपाटीसारख्या खाड्यांत आढळते. भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या कांदळवनांतील झाडांची मुळे बरेचसे मीठ बाहेरच रोखतात. तरीही आत शिरलेल्या मिठाचा बंदोबस्त पानांना करावा लागतो. तिवराच्या पानांवरील सूक्ष्म ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. कोरड्या हवेत त्याचे कण पानावर चमकतात. साध्या भिंगातून शिक्षकांना ते विद्यार्थ्यांना दाखविता येतील. मारांडीलाही अशा ग्रंथी असून तिच्या पानांच्या कडा काटेरी असतात. चिप्पीची पाने जाड व रसरशीत असतात. त्यांत साठविलेल्या पाण्यामुळे मिठाची तीव्रता कमी होते.

मात्र पानांच्या या क्षमतेस मर्यादा आहे. भरती-ओहोटीची ये-जा चालू असते तोवर जमिनीत साचणारे क्षार धुऊन जातात. बांध वा भराव घालून हा प्रवाह अडविला की साचलेले पाणी आटते, खारटपणा वाढतो आणि कुऱ्हाड न लावताही झाडे वाळतात. हानी तेवढ्यावर थांबत नाही. कांदळवनातील गळलेली पाने कुजून खेकडे, कोळंबी व माशांच्या पिलांना खाद्य पुरवितात. तेव्हा पानांचा हा प्रश्न सातपाटीसारख्या मासेमारी गावांच्या चरितार्थाचाही आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालाने हे संरक्षण कायम केले. तथापि केवळ तोड थांबविणे पुरेसे नाही. खाडीलगतच्या रस्त्याचा वा बांधाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आल्यास, भरतीचे पाणी पूर्वीप्रमाणे आत-बाहेर जाऊ शकेल काय, हा प्रश्न सदस्यांनी प्रथम विचारावा. पाने आपले काम चोख करीत आहेत. पाण्याची वाट मोकळी ठेवणे हे आपले काम आहे.