क्रोनचा विकार : औषधांचे उपद्रव आणि पोटातील कळा

१९५६ च्या जून महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या व त्यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजून अरुंद झाला होता. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी १९३२ साली ज्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, तोच हा क्रोनचा विकार.

शरीराचे रक्षण करणारी शक्तीच यात आतड्यावर उलटते. आतडे सुजते, त्यास व्रण पडतात. पोटदुखी, जुलाब व अशक्तपणा मागे लागतो. तो समूळ नाहीसा करणारे औषध नाही; तथापि योग्य उपचारांनी तो वर्षानुवर्षे शांत ठेवता येतो. अर्थात औषधांची सोबत दीर्घ काळाची, आणि त्यांच्या उपद्रवांचीही.

आमच्या पुतणीस नववीत असताना हा विकार जडला. प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी कळा थांबल्या, परंतु दीड महिन्यात तिचा चेहरा फुगून गोल झाला, मुरुमे आली, रात्री झोप लागेना. वर्गातील मुलींनी तिचे नाव 'भोपळा' ठेवले. तिने घरी कोणास काही सांगितले नाही. गोळ्या मात्र गुपचूप खिडकीबाहेर टाकू लागली. चौथ्या दिवशी चक्कर व वांत्या सुरू होऊन तिला रुग्णालयात न्यावे लागले. ती चेहऱ्याविषयी बोलू लागली की आम्ही 'छान दिसतेस हो' म्हणून विषय टाळीत असू. चूक आमची होती.

असे का झाले? मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी याच जातीचे द्रव्य रोज तयार करतात. ते बाहेरून मिळू लागले की ग्रंथी सुस्तावतात. मग काही आठवड्यांनी गोळी एकाएकी थांबवली, तर शरीरास ते कोठूनच मिळत नाही. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवितात. सकाळी न्याहारीनंतर गोळी घेतल्यास झोप कमी मोडते, आणि मात्रा उतरली की चेहराही हळूहळू पूर्ववत होतो. एवढे जरी तिला आधी सांगितले असते! हे औषध दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात व मुलांची वाढ खुंटते. म्हणून पुढे दुसरी औषधे देतात.

त्यांपैकी अझाथायोप्रीनने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात. रक्ततपासणी चुकवू नये व ताप आल्यास त्वरित कळवावे. इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून देण्याचे औषध शरीरात दडलेला क्षय जागा करू शकते. आपल्या देशात क्षय पुष्कळ, तेव्हा आधी त्याची तपासणी अवश्य करतात.

आता वेदनेविषयी. पोट दुखले की दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणण्याची आपणांस सवय आहे. या विकारात त्या गोळ्या आतड्यास अपाय करून रोग चेतवू शकतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यासही आराम पडतो. जेवण थोडे थोडे, अनेक वेळा घ्यावे. परंतु प्रत्येक कळ सुजेची नसते. व्रण भरताना वण राहून आतडे आवळले जाते; अशा वेळी पोट फुगून वांत्या होऊ लागल्या व वायू सरेनासा झाला, तर शेकत न बसता रुग्णालय गाठावे.

पुतणी आता एक वही ठेवते. कळ केव्हा आली, कोठे आली, आधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, हे ती रोज लिहिते. डॉक्टर प्रथम ती वही मागतात. वर्गशिक्षिकाबाईंनी एका तासाची दहा मिनिटे खर्चून हा विकार मुलींना समजावून सांगितला, आणि परवानगी न मागता वर्गाबाहेर जाण्याची मुभा तिला दिली. 'भोपळा' हे नाव त्यानंतर कानी आले नाही. ती मागच्या बाकावर, दाराजवळ बसते. शेजारची मैत्रीण तिचे टिपण पुरे करून देते.