‘रेंज नाही’ म्हणण्याआधी

मुलचेऱ्यात ‘रेंज नाही’ हे दोन शब्द कुठल्याही कामाच्या आड येतात. बँकेतलं मशीन चाललं नाही, रेशनच्या दुकानात अंगठा उमटला नाही, शाळेची माहिती वर गेली नाही, कारण एकच. पुष्कळदा ते खरंही असतं. सागाच्या जंगलातून आलेली फायबरची तार झाड पडलं की तुटते, दिना नदी फुगली की दुरुस्तीचा माणूस पलीकडेच अडकतो, वीज फार वेळ गेली की टॉवर बंद पडतो. पण इतक्या वेळा खरं ठरलेलं कारण माणसाच्या तोंडी बसतं, आणि मग त्याच्यापुढे कोणी काही विचारत नाही. गेल्या श्रावणात मी हे जवळून पाहिलं.

मी ज्या घरात भाड्याने राहतो ते बंगाली कुटुंबाचं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० आणि १९७०च्या दशकांत या भागात जमिनी मिळाल्या, त्या वेळी हा सगळा चंद्रपूर जिल्हाच होता. गडचिरोली वेगळी झाली २६ ऑगस्ट १९८२ला. घराचा पुढचा भाग सिमेंटचा, मागचा जुना, मातीच्या भिंतींचा आणि कवेलूंचा. त्यामागे सांदवाडी, पलीकडे धानाच्या बांध्या आणि मासळी सोडलेली बोडी. धाकटी मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी धडपडत होती. फेरी उघडलेली, कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची होती, आणि तिचा लॅपटॉप मागच्या खोलीत दर दहा मिनिटांनी तिला बाहेर काढत होता. अर्धा अर्ज भरला की पान गोल फिरत राहायचं, मग सेशन संपल्याची पाटी. तिची आई, म्हणजे आमच्या बौदी, म्हणाल्या, “काय करणार मास्टर, इथं रेंजच नाही.”

मी पहिल्यांदा पुढच्या खोलीत गेलो. फायबरचा पांढरा डबा टीव्हीच्या मागे, खालच्या फळीवर होता. त्यावर ‘लॉस’ नावाचा एक बारीक दिवा असतो. तो लाल पेटला की बाहेरची तार तुटली आहे किंवा तिच्यातून प्रकाश येत नाही. मग घरात काहीही हलवलं तरी उपयोग नाही. तो विझलेला होता. लॅपटॉप डब्याच्या शेजारी ठेवून वेग मोजला, तर सेकंदाला २० मेगाबिटच्या वर. तोच लॅपटॉप मागच्या खोलीत नेला, तर एकसुद्धा धड नाही. म्हणजे नेट मुलचेऱ्यापर्यंत आलं होतं, घरापर्यंत आलं होतं, टीव्हीच्या मागे बसलं होतं. हरवत होतं ते शेवटच्या बारा-तेरा मीटरांत.

एवढं कळलं की अर्धं काम होतं, असं मी शाळेतल्या पोरांना नेहमी सांगतो. बाहेरचं आणि घरातलं आधी वेगळं करायचं. ते न करताच लोक हजार-दोन हजारांचं एक्स्टेंडर मागवतात, ते कमजोर जागी लावतात, आणि ते यंत्र बिचारं त्याला जे मिळतं तेच कमजोर पुढे ढकलतं.

मग मोजायला बसलो. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या काड्यांवर माझा विश्वास नाही. दोन काड्या म्हणजे नक्की किती, ते यंत्रागणिक बदलतं. विंडोजमध्ये काळी चौकट उघडून ‘नेट-एसएच डब्ल्यू-लॅन शो इंटरफेसेस’ ही ओळ टाकली की सिग्नल टक्क्यांत दिसतो. त्या टक्क्यांचं निम्मं करून त्यातून शंभर वजा केले की साधारण डीबीएम मिळतात, म्हणजे पोचलेल्या ताकदीचं माप. हा आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७च्या आसपास असेल तर व्हिडिओ, अर्ज, सगळं सुरळीत चालतं. उणे ८०च्या खाली गेलं की जोडणी दिसते, पण कामाची राहत नाही.

मुलीने खडू घेतला. डब्याजवळ ९९ टक्के, तिने फरशीवर लिहिलं. मधल्या दारात ६०. मागच्या खोलीत तिच्या खाटेवर ३८, म्हणजे उणे ८१. मग सहज म्हणून त्याच खाटेवर माझा मोबाइल ठेवून पाहिला. मोबाइल उणे ६२ दाखवत होता.

मी तिला पुन्हा पाहायला सांगितलं. तिने जागा बदलून, पाच मिनिटं थांबून पाहिलं. तोच फरक. एकोणीस डेसिबल ऐकायला थोडे वाटतात, पण दर दहा डेसिबलला ताकद दहापट बदलते, दर तीनला दुप्पट. राउटर साधारण ०.१ वॉटने बोलतो. आपला घरातला एलईडी दिवा नऊ वॉटचा. एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्या खाटेवर मोबाइलला त्यातले सहाशेतीस मिळत होते आणि लॅपटॉपला आठ. जागा तीच, राउटर तोच, भिंती त्याच. दोष हवेत नव्हता. लॅपटॉपच्या पोटात होता.

“हा कधी उघडला होता?” मी विचारलं. उन्हाळ्यात शहरातल्या एका दुकानात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती. तेव्हापासून नेट हळू, पण गावात आल्यावरच लक्षात आलं, आणि गावात आल्यावर कारण तयारच होतं.

लॅपटॉपचे वायफायचे अँटेना स्क्रीनच्या चौकटीत, बहुधा वरच्या कडेला असतात. खाली कीबोर्डाकडे बॅटरी, धातू आणि आपलं पाण्याने भरलेलं शरीर. वर उघड्यावर जागा मोकळी. तिथून दोन बारीक तारा बिजागरीतून खाली उतरतात आणि वायफायच्या छोट्या कार्डावर बटणासारख्या दाबून बसतात. बसायची जागा जेमतेम दोन मिलिमीटरची. एसएसडी बदलताना हात तिथून जवळच फिरतो.

आम्ही खाटेवर जुनं धोतर अंथरलं. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. मागचे स्क्रू मुलीने ताटलीत ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले, कारण दोन लहान होते. झाकण जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडेने सोडवलं. सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी काढली, मग विजेरी धरली. काळी तार कार्डाच्या शेजारी मोकळी पडली होती, तिचं सोनेरी टोक चमकत होतं. पांढरी जागेवर दिसत होती, पण विजेरी तिरकी धरली तर तीही एका बाजूला कललेली.

इथे घाई करायची नाही. ही बटणं पुन्हा पुन्हा काढ-घाल करण्यासाठी नसतात. या जातीच्या एका प्रचलित जोडणीला बनवणारेच साधारण तीस वेळांची हमी देतात. टोक बरोबर मधोमध आणायचं, बोटाने चाचपून ते खोबणीत डोलतं का पाहायचं, आणि मग सरळ खाली दाबायचं. तिरकं दाबलं तर कार्डावरची कडी वाकते, आणि मग कार्डच बदलावं लागतं. मुलीचे हात माझ्यापेक्षा बारीक, म्हणून तिलाच करू दिलं. श्वास रोखून तिने दाबलं. ‘टिक्’ असा अगदी हलका आवाज आला, उडदाचा दाणा फुटल्यासारखा. दुसरी तार काढून पुन्हा बसवली, तिचाही.

झाकण लावून त्याच खाटेवर मोजलं, ६६ टक्के. उणे ६७.

दादू, म्हणजे तिचे आजोबा, दारात उभे राहून हे पाहत होते. ते लहान असताना फरीदपूरकडून आले. मला जगदीशचंद्र बोस आठवले, कारण त्यांचं सुरुवातीचं शिक्षण फरीदपूरच्याच बंगाली शाळेत झालं. १८९५मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बोसांनी बिनतारी लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवली, बारूद पेटवली. ते पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर काम करत होते, आपल्या वायफायच्या साडेबारा सेंटिमीटरच्या लहरींहून कितीतरी आखूड. रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक घेऊन त्यातून लहर एका दिशेने जाते आणि दुसऱ्या दिशेने अडते, हे त्यांनी दाखवलं. पिळलेल्या तागाच्या जुडीतून लहरीचं तोंड वळतं, हेही त्यांनीच. पूर्व बंगालचा ताग! दादूंना हे सांगितलं तेव्हा ते खाटेच्या कडेवर येऊन बसले आणि ताग कसा कुजवतात, कसा सोलतात, ते बराच वेळ मुलीला सांगत राहिले. तिने ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

बोसांचं ते वेळापत्रक आमच्याही कामी आलं. लहरीला दिशा असते, म्हणून लॅपटॉप जागच्या जागी थोडा वळवला किंवा स्क्रीन मागे कलती केली तरी आकडा चार-पाच टक्क्यांनी हलतो. मुलीने खाटेचं डोकं फिरवून पाहिलं आणि चांगली बाजू खडूने आखून ठेवली.

उरलेलं काम साधं होतं, पण अंगमेहनतीचं. मधल्या भिंतीला टेकून पाच फुटी लोखंडी कपाट उभं होतं, नेमकं डबा आणि खाट यांच्या रेषेत. माती लहरीला थोडी थोपवते, लोखंडी पत्रा जवळजवळ पूर्ण परतवतो. बौदींनी कपाट रिकामं केलं, साड्यांचे गठ्ठे खाटेवर आले, आणि आम्ही तिघांनी ते कोपऱ्यात सरकवलं. डबा टीव्हीमागून काढून छातीपेक्षा उंच फळीवर ठेवला. लॅपटॉप सारखा पाच गिगाहर्ट्झला चिकटत होता. त्या लहरी वेगवान, पण भिंतीत लवकर दमतात, म्हणून २.४ निवडून दिलं. बॅटरी वाचवण्यासाठी वायफायची ताकद कमी करणारी एक सोय असते, तीही बंद केली. चॅनेल बदलण्याची खटपट केली नाही. शहरातल्या इमारतीत वीस घरांचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात, तिथे त्याचा उपयोग. इथे शेजारचं घर बांधीपलीकडे.

शेवटी खाटेवर ८४ टक्के. उणे ५८. लॅपटॉप मोबाइलच्या पुढे गेला होता.

त्याच रात्री पाऊस सुरू झाला, आणि तिने पसंतीक्रम भरला. अर्ज जमा झाल्याची पावती उतरवून घेऊन ती मला दाखवायला आली. नंतर तीन दिवस झड लागली. मागच्या भिंतीला ओल चढली, कवेलूंतून थेंब गळू लागले. तिने रोज संध्याकाळी आकडा घेतला आणि चौकटीवर खडूने लिहिला, ८४खाली ८०, मग ७६. मला वाटलं तार पुन्हा सुटली असेल, आणि मी स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागलो. तिने थांबवलं. मोबाइलचा आकडाही तेवढाच उतरला होता, ती म्हणाली, दोघांचा एकत्र उतरला म्हणजे लॅपटॉप ठीक आहे.

पाऊस उघडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा ती सांदवाडीत उभी होती, तळहात भिंतीला लावून.

“सर, ८३ आलं,” ती म्हणाली. “भिंत वाळली.”