मामा, गोलकीपर कुठे गेला?

काल भाच्यासोबत हँडबॉलचा सामना बघत होतो. मध्येच तो ओरडला, "मामा, गोल रिकामा आहे!"

आहेच. मुद्दाम!

हँडबॉलमध्ये गोलकीपरला बाहेर बोलावून सातवा हल्लेखोर आत आणता येतो. पूर्वी त्याला गोलकीपरच्या रंगाचं बिब चढवावं लागे. जुलै २०१६ पासून ती सक्ती गेली आणि रिओ ऑलिम्पिकपासून हा डाव सर्रास दिसू लागला.

फायदा काय? सहा बचावपटूंसमोर सात जण. बरेच संघ सहा मीटरच्या रेषेवर दुसरा पिव्होट (बचावपटूंच्या मध्ये घुसून उभा राहणारा हल्लेखोर) उभा करतात. त्या दोघांना अडवायला बचाव मध्ये गोळा होतो आणि विंगवरचा गडी मोकळा सुटतो. आपला एक जण शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसला असेल, तर याच युक्तीने पाचाचे सहा होतात.

पण चेंडू हातचा गेला, की पळापळ! समोरचा गोलकीपर तिथूनच, ४० मीटरच्या मैदानापलीकडे, रिकाम्या गोलात फेकतो. कॉलेजात मी गोलकीपर होतो. बाकावरून जीव खाऊन धावताना डोक्यावरून गेलेला तो चेंडू अजून आठवतो.

माझं मत विचाराल तर, पास चुकवणाऱ्या संघानं या फंदात पडूच नये.