दर पावसाळ्यात नव्याने खपलेला ‘गारवा’

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे यांचे दोन अल्बम आले आणि दोन्ही गाजले. ‘ये है प्रेम’ हा हिंदी अल्बम राजश्रीचा. चित्रपट काढणाऱ्या घराण्याचे बळ त्याच्यामागे होते. अब्बास आणि प्रीती झंगियानी यांची प्रेमकथा पुढे नेणाऱ्या त्याच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. दुसरा अल्बम 1998 चा ‘गारवा’. शब्द सौमित्र, म्हणजे किशोर कदम यांचे. चाली आणि आवाज इंगळे यांचा. तेव्हा मराठीत अल्फा टीव्हीही सुरू झाले नव्हते, ते 1999 मध्ये आले. नाशिकसारख्या शहराला खासगी एफ.एम. मिळायला तर 2005 नंतरच्या परवान्यांची वाट पाहावी लागली. एमटीव्ही आणि चॅनल व्ही यांच्या जोरावर अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ 1995 मध्ये देशभर पोहोचला, तसा रस्ता मराठी गायकाला खुला नव्हता. तरी ‘गारवा’ खपला आणि खपत राहिला. तो कशामुळे, हा प्रश्न मराठी संगीताच्या बाजारासाठी आजही मोलाचा आहे.

माझ्या मते उत्तर त्याच्या घडणीत आहे. ‘गारवा’त गाण्याआधी कविता येते, आणि ती कवी स्वतः म्हणतो. उन्हाची तलखी, दाटून येणारे आभाळ, मग सर, हा क्रम बोलक्या शब्दांत ऐकल्यावर सूर लागतो. कॅसेटवर कविता ओलांडून थेट गाण्यावर जाणे कटकटीचे असे. बटण दाबून फीत पुढे पळवली तरी नेमकी जागा सापडत नसे. म्हणून ऐकणारा ती बाजू सलग ऐके, आणि गाण्याइतकीच कविताही पाठ होऊन जाई. कवितासंग्रह कधी विकत न घेतलेल्या कितीतरी घरांत समकालीन मराठी कविता अशी पोहोचली. शिवाय विषय पावसाचा, त्यामुळे अल्बम जुना होईना. सिनेमाचे गाणे सिनेमा उतरला की मागे पडते; याला दर जूनमध्ये नवे निमित्त मिळे. पूर किती चढला हे गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून मोजणाऱ्या नाशिककरांना पाऊस हा साऱ्या गावाचा विषय असतो, हे वेगळे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा, की खपाचे खात्रीचे आकडे हाती नसताना यशाची भाषा कशी करायची? आक्षेप रास्त आहे. मात्र त्या काळात खपाचे आकडे कंपन्याच जाहीर करत आणि चोरट्या कॅसेट कोणत्याच हिशेबात येत नसत. अशा वेळी बाजाराची पुढची पावले पाहावीत. याच जोडीचा ‘सांज गारवा’ निघाला. पहिल्या नावाला किंमत नसती, तर ते नाव पुन्हा कोणी वापरले नसते. 2003 मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू झाला. त्यातही कविता आणि गाणे हातात हात घालून येतात, आणि तिकीट काढून लोकांनी नाट्यगृहे भरली. त्या दोघांची प्रतिभा स्वतंत्र आहे, ‘गारवा’ची उसनवारी नव्हे, पण कवीचा आवाज ऐकायला मराठी माणूस पैसे मोजतो, हे त्याआधीच दिसून आले होते.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो: ही कविता सोपी, हळवी, तरुणांना हमखास आवडेल अशी. हळवेपणा आहेच, आणि तो मी दोष मानत नाही. भावगीतानेही तेच केले होते. अरुण दाते यांचे ‘शुक्रतारा’ आकाशवाणीवरून घराघरांत गेले ते सोपेपणामुळेच. सोपे लिहून वर्षानुवर्षे ऐकवत ठेवणे किती कठीण असते, ते त्या काळात येऊन विरून गेलेल्या ढीगभर अल्बमांकडे पाहिल्यावर कळते.

खरी अडचण आजची आहे. मोबाइलवर अल्बमचे तुकडे होतात. बोटाच्या एका टिचकीने कविता बाजूला सारता येते आणि हिशेब एकेका गाण्याचा ठेवला जातो. सलग ऐकण्यासाठी बांधलेल्या कलाकृतीला हा हिशेब न्याय देत नाही. मराठी कंपन्यांनी पहिल्या आठवड्याचे आकडे थोडे बाजूला ठेवून पाचव्या पावसाळ्यात किती जणांनी ऐकले, तेही मोजून पाहावे.